वझं नाही तर पैसं कशाचं? सत्तरीतल्या ट्रेकरसाठी सोबती ठेवण्याचं एक प्रकरण

सह्याद्रीतल्या कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत गावाकडे उतरताना, संध्याकाळी पावणेसहाला, नानांकडे एक रुमाल, अर्ध्या लिटरची रिकामी बाटली आणि खिशात चिक्कीचा तुकडा एवढंच होतं. त्यांची काठी, हेडटॉर्च, गुडघ्याचा पट्टा, रात्रीच्या गोळ्या, सगळं त्यांच्या दोन तास पुढे गेलं होतं. पाठीवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून आम्ही दोन पोरं ठेवली होती. ओझं खरंच हलकं झालं होतं.

मुंबई-ठाण्याच्या ट्रेकर मंडळींत आता साठी-सत्तरी ओलांडलेले बरेच झालेत. 'आता माणूस घ्या सोबत' हा सल्ला त्यांना घरचे देतात, डॉक्टर देतात, आमच्यासारखे धाकटेही देतात. माणूस घ्यायचा म्हणजे नेमकं कोणत्या कामाला, हे विचारलं की सगळे गप्प. आम्हीही गप्पच होतो, म्हणून पहिल्या फेरीत फसलो. नानांच्या परवानगीने लिहितोय. त्यांनी वाचून दोन वाक्यं खोडली. त्यांतलं एक मी परत घातलंय.

माणूस आणि वाट

नाना मुलुंडचे, बँकेतून निवृत्त. १९७४ पासून सह्याद्रीत फिरतात. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही आडवाट त्यांनी सात वेळा केली. १९८७ च्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्रही, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, पाहिलं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकातच इथून त्याची नोंद केली होती, हे ते भेटेल त्याला सांगतात. २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजलेली. पहिल्या फेरीच्या वेळी वय ७०. आणि स्वभाव असा की आपली सॅक दुसऱ्याने उचलली तर तो ट्रेक त्यांच्या हिशेबात धरलाच जात नाही.

वाट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. ठाण्याहून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने घोटी, भंडारदरा करत रतनवाडी. तिथे अमृतेश्वराचं देऊळ. गावातून रानात शिरलं की पुढे फाटा फुटतो : एक वाट शिड्यांनी रतनगडावर, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. खिंड ओलांडून दक्षिणेला उतरलं की कुमशेत, तिथून पुढे पाचनई आणि हरिश्चंद्रगड. पाठीवर तंबू-शिधा असेल तर धडधाकट माणसालाही ही वाट दमवते. खिंडीनंतरच्या उतारावर मुरूम आणि सुटे दगड आहेत. तिथे दम कमी आणि मांड्या जास्त लागतात.

पहिली फेरी, नोव्हेंबर २०२३

भाऊबीजेनंतरचा शनिवार आम्ही सुट्ट्या बघून ठरवला. तिथली शेती बघून ठरवला असता तर बरं झालं असतं. अकोले तालुक्याच्या या पट्ट्यात दिवाळीच्या मागेपुढे भाताची कापणी-मळणी चालू असते आणि वाटा खऱ्या अर्थाने माहीत असलेला प्रत्येक माणूस शेतात नाहीतर खळ्यावर असतो. गावात कोणी मोकळं मिळेना, तेव्हा एका मध्यस्थाने फोनवर दोन पोरं दिली. दर ठरला बॅगेमागे. चौघांच्या बॅगा कुमशेतला पोचवायच्या, इतकंच.

पोरांनी ठरल्याप्रमाणे केलं. दोघांनी दोन-दोन सॅक चढवल्या, 'पुढं जाऊन चूल पेटवतो' म्हणाले आणि खिंडीच्या अलीकडेच दिसेनासे झाले. पाठीवर वजन असलेला माणूस म्हाताऱ्याच्या चालीने चालूच शकत नाही. थांबत थांबत चढणं त्याला जास्त जड जातं. बॅगेमागे पैसे ठरले की लवकर पोचण्यातच त्याचं भलं असतं. यात त्या पोरांची चूक मला तेव्हाही दिसली नाही, आताही दिसत नाही.

नाना चढ नीट चढले. रिकाम्या पाठीने चढताना ते इतके खुश होते की आम्ही घड्याळ पाहिलंच नाही. खिंडीत पोचायला अडीच वाजले. तिथूनच मागे फिरायला हवं होतं, पण सामान पुढे गेलेलं. खोडलेलं आणि मी परत घातलेलं वाक्य ते हेच : सामान पुढे गेलं की माणसाला परतीची वाट उरत नाही.

उतारावर तासाभरात उजवा गुडघा दगा द्यायला लागला. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जाताजाता शरीराचं वजन धरून ठेवतो, ब्रेकसारखा. पन्नाशीनंतर स्नायूंची ताकद घटते ती इथे जाणवते. ब्रेक सुटला की सगळा भार सांध्यावर. शिवाय नानांनी दिवसभरात जेमतेम लिटरभर पाणी प्यायलेलं. प्रोस्टेटमुळे वारंवार थांबावं लागतं, त्याची लाज वाटते, म्हणून पाणीच कमी. हे त्यांनी दोन महिन्यांनी सांगितलं. पुरुषमंडळी गुडघ्यावर तासभर बोलतील, यावर नाही.

सहाच्या आत सूर्य गेला. फोनला रेंज नव्हती. नाना एका दगडावर बसले, म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." आम्ही बसूनच राहिलो.

सव्वासातला खालून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. आमच्या पोरांपैकी कोणी असेल असं वाटलं. आले ते पन्नाशीचे एक गृहस्थ, कपाळाला, केसांना भाताचा भुसा चिकटलेला, हातात काठी. कुमशेतच्या खळ्यावर मळणी करत होते. पोरं सामान घेऊन पोचलेली पाहिली, मागे कोणी येताना दिसेना, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "म्हातारं माणूस होतं ना संगं? कुठंय?" उत्तर मिळालं नाही म्हणून मळणी टाकून वर आले. हे मामा. नाव त्यांना छापायला नको आहे, आणि आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो.

मामांनी नानांचा हात धरला नाही. ते एक पायरी खाली उभे राहिले आणि नानांचा डावा पंजा आपल्या उजव्या खांद्यावर ठेवून घेतला. काठी नानांच्या उजव्या हातात. मुरूम आला की मामा आपलं पाऊल आडवं रोवत आणि नानांचा बूट त्याच्यावर टेकू देत. चाकाखाली दगड लावतात तसं. एका जागी नाना सरळ बसून घसरत उतरले. गावात पोचायला साडेनऊ झाले. मामांनी पैसे घेतले नाहीत. भात भरायचं राहिलंय म्हणाले आणि गेले.

मुलुंडच्या डायनिंग टेबलावर

घरी आल्यावर काकूंनी आठ दिवस या विषयावर अवाक्षर काढलं नाही. काकू गप्प बसणं हे त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट, असं नाना सांगतात. सुनेने मात्र सरळ सांगितलं, "बाबा, आता पुरे." नानांनीही सॅक माळ्यावर टाकली.

कोंडी फोडली ती काकूंनीच, आणि भलत्याच विषयावरून. नाना कोणाला तरी फोनवर म्हणत होते, ओझं दुसऱ्यावर टाकून केलेला ट्रेक हा काय ट्रेक? काकू आतून म्हणाल्या, "माझी आई तीस वर्षं वारीला गेली. सामान दिंडीच्या ट्रकात असायचं. तिला कोणी वारकरी नाही म्हटलं नाही." नानांकडे उत्तर नव्हतं. मला मात्र त्यातून दुसरंच काही सुचलं : कुमशेतला गाडी जाते. राजूरवरून एसटी जाते, जीप जाते. मग सामान माणसाच्या पाठीवर कशाला?

त्याच सुमारास नानांचा जुना दोस्त कॅनडातून बोलला. तो ओंटारिओत राहतो आणि उन्हाळ्यात अल्गाँक्विनच्या सरोवरांत कॅनो घेऊन आठ-आठ दिवस फिरतो. एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मधली वाट पायी काटावी लागते. ते स्वतःची नाव उलटी करून खांद्यावर घेतात, त्याला पोर्टेज म्हणतात. जुन्या धाटणीची लाकडी नाव तीस किलोच्या वर भरते. हा गडी आता ७२ चा. वल्हं अजून उत्तम मारतो, पण नाव डोक्यावर घेऊन चिखलातून चालताना दोनदा पडला. आता कॉलेजातलं एक पोरगं पगारी नेतो. पण त्याने सांगितलेली खरी अडचण वेगळी होती. पोरगं तरबेज होतं, म्हणून पहिल्याच दिवशी वल्हंही तेच मारायला लागलं आणि हा नावेत पार्सलसारखा बसून राहिला. संध्याकाळी त्याने पोराला बसवून सांगितलं, पाण्यात मी, जमिनीवर तू. नानांनी हे मला तीनदा ऐकवलं.

तेव्हा आम्ही कागद घेतला आणि नानांना काय जमतं, काय नाही, याची यादी केली. चालणं, वाट शोधणं, चूल पेटवणं, चांदण्या ओळखणं : नाना. दहा किलो उचलणं, मुरमाड उतार, अंधार पडल्यावरचं चालणं : दुसरं कोणी. यादीत एक बाब कोणाकडे टाकायची ते ठरेना. थांबायचं कधी?

मोजमाप

वर्षभर नानांनी तयारी केली. इमारतीचे सात मजले चढायला लिफ्ट, उतरायला जिने. हो, उलटं. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून, आधी रिकाम्या हाताने, मग चार किलोची पिशवी पाठीला लावून. पावसाळा संपल्यावर आम्ही पंधरा दिवसांनी एकदा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत जायचो. मी वेळा लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून गुडघा सुजला का ते विचारायचो. तो आकडा घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा कामाचा निघाला.

नाडीच्या घड्याळाचं सांगायलाच हवं. नाना हृदयासाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्या गोळीने नाडी फारशी वाढतच नाही. चढावर घड्याळ ९५ दाखवतं आणि माणूस मात्र धापा टाकत असतो. त्यामुळे आम्ही बोलण्यावरून ठरवू लागलो. एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर चाल ठीक. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही आणि डोक्याला मार लागला तर तो साधा समजायचा नाही. हे सोबतच्या माणसालाही माहीत हवं.

वेळेच्या अंदाजाला गिर्यारोहकांत १८९२ पासून नाइस्मिथचा नियम चालतो : पाच किलोमीटरला एक तास, शिवाय सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. उताराचा त्यात हिशेबच नाही. कान्हेरीच्या वेळा मांडून आम्ही नानांचा स्वतःचा हिशेब काढला : चढाला पूर्वीच्या पावणेदोनपट, उताराला अडीचपट. तो आकडा पाहून नाना जरा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले.

कुमशेतची ओटी

जानेवारी २०२५ मध्ये मी आणि नाना मुद्दाम कुमशेतला गेलो. कापणी संपलेली, माणसं मोकळी. मामांच्या ओटीवर कोरा चहा आला. मी बोलणी काढली : सामान गाडीने येईल. तुम्ही नानांसोबत चालायचं. तुमच्याकडे पाणी, औषधं, बॅटरी आणि दोर, सहा किलोच्या वर काही नाही. दिवसाचे पंधराशे.

मामा बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वझं नाही, तर पैसं कशाचं?"

त्यांना खरोखरच संकोच वाटत होता. ओझं वाहिलं तर मजुरी हे त्यांना पटतं. रिकाम्या हाताने फिरायचे पैसे घेणं म्हणजे पाहुण्याला लुबाडणं. मी काम समजावून सांगत होतो, जबाबदारी वगैरे शब्द वापरत होतो, आणि ते माझ्याकडे मुंबईच्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. आतून मामी म्हणाल्या, "म्हशीमागं रानात जाता तवा म्हस काय पाठीवर घेता का?"

सगळ्यांत जास्त हसले ते नाना. सौदा तिथेच झाला.

अटी कागदावर लिहिल्या, कारण तोंडी ठरलेलं दमलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. चार दिवसांची मजुरी, त्यात मामांचा रतनवाडीला यायचा दिवस धरलेला आणि एक दिवस राखीव. अर्धे पैसे आधी. कुठूनही मागे फिरलो तरी पैसे पूर्ण. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पैसे पोचण्याला बांधलेले असले की माणूस 'वळा' म्हणत नाही. जेवण एकत्र आणि तेच. रोजगार हमीचा दर त्या वर्षी २९७ रुपये होता. त्याच्याशी तुलना करणारे भेटतात. त्यांना एवढंच सांगतो की हे काम खड्डे खणायचं नाही.

विम्याचं पाहिलं. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, बँक खातं लागतं, वय १८ ते ७०. मामांचा हप्ता बँकेतून कापला जातोय, हे त्यांच्या मुलाने मोबाइलवर दाखवलं. नाना ७१ चे, म्हणजे योजनेच्या बाहेर.

आणि यादीतली ती उरलेली बाब. थांबायचं कधी ते मामा ठरवणार, असं नानांनी स्वतः सांगितलं. मामांना ते जमेना. वयाने मोठ्या माणसाला 'आता बास' कसं म्हणायचं? शेवटी ठरलं की तसं म्हणायचंच नाही. मामा फक्त म्हणतील, "चहा घेऊ." ते ऐकलं की सगळ्यांनी बसायचं, आणि बसल्यावर पुढे जायचं की मागे ते मामा सांगतील.

दुसरी फेरी, फेब्रुवारी २०२५

खिंडीचा दिवस इतका सुरळीत गेला की लिहिण्यासारखं फार नाही. उजाडताच निघालो. काठी, टॉर्च, गोळ्या नानांच्या चार किलोच्या पिशवीत, त्यांच्याच पाठीवर. बाकी सगळं जीपने राजूरमार्गे. रतनगडाच्या फाट्यावर नाना थांबले, शिड्यांच्या वाटेकडे पाहिलं, बुटाची नाडी बांधली आणि काही न बोलता खिंडीकडे वळले. बाराच्या आत खिंडीत नसू तर परत, असं ठरलं होतं. अकरा पस्तीसला पोचलो. उतरायला साडेतीन तास लागले. तोच खांदा, तेच आडवं पाऊल, आणि दर अर्ध्या तासाला मामा न विचारता बाटली पुढे करायचे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला, म्हणून राखीव दिवस कुमशेतच्या ओटीवर गेला. त्या दिवसाचे पैसे घेताना मामा परत अडले, "घरीच तर व्हतो." मामींनी घेतले.

कसोटी लागली ती हरिश्चंद्रगडावर. पाचनईपर्यंत जीप, तिथून कड्याखालच्या रेलिंगच्या वाटेने वर. अकरा चाळीसला देवळापाशी होतो. हवा इतकी स्वच्छ की कोकणकड्यावर जायलाच हवं होतं. नाना पुढे झाले.

"चहा घेऊ," मामा म्हणाले.

नाना म्हणाले, "आत्ताच तर घेतला." मामा खाली बसले. नाना उभेच. "अहो, मी दमलो नाहीये. बोलतोय की नाही पूर्ण वाक्य?" बोलत होते, अगदी खणखणीत. वेळही होता, घड्याळ माझ्याच हातात होतं. मी मामांना समजवायला तोंड उघडलं आणि आमच्या तिसऱ्या गड्याने मला कोपर मारलं.

मामांनी नानांच्या बुटाकडे बोट दाखवलं. "उजवा पाय उचलत न्हाईत. वढत्यात. रेलिंगपासनं तीनदा दगडाला लागला."

बुटाच्या टोकाला ताज्या मातीचे, दगडाचे ओरखडे होते. डाव्या बुटाला नव्हते. मी दिवसभर घड्याळ बघत होतो, नानांचा श्वास ऐकत होतो. त्यांच्या पायाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

नाना बसले. दहा मिनिटं कोणाशी बोलले नाहीत. मग केदारेश्वराच्या गुहेपर्यंत जाऊन आले, पाण्यातल्या पिंडीला लांबूनच हात जोडले आणि आम्ही उतरायला लागलो. उतरताना रेलिंग संपल्यानंतरच्या साध्या वाटेवर नाना खरंच अडखळले. खांदा हाताखाली होता, म्हणून नुसतेच अडखळले.

सामानाच्या जीपचे अडीच हजार, मामांचे सहा हजार. चौघांत वाटले. नानांना सगळा खर्च एकट्याने करायचा होता, आम्ही करू दिला नाही. खांदा त्यांच्या हाताखाली होता तरी त्या सोबतीवर आम्ही सगळेच निर्धास्त चाललो होतो.

मुंबईत आल्यावर नानांनी मामांचा नंबर त्यांच्या वयाच्या निदान आठ जणांना दिला. पावसाळ्यानंतर पुढच्या खेपेची तारीख ठरवायला फोन लावला, तर मामा म्हणाले, भात निघेपर्यंत जमायचं नाही, आणि त्यानंतर दिवसाचे दोन हजार पडतील. नाना फोन ठेवून चिडले. पंधराशेवरून एकदम दोन हजार म्हणजे काय!

काकू आतून काहीतरी म्हणणार, एवढ्यात तेच म्हणाले, "जाऊ दे. माझंही वजन वाढलंय चार किलो."

डिसेंबरची तारीख कळवलीय. कोकणकडा.